नव्या जोडप्याचे पहिले चार दिवस त्यांचे त्यांना द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई आली की या पानावर डॉल्बीवर, जेवणावळींवर, लग्नासाठी काढलेल्या कर्जांवर पत्रं येतात. मी ती वाचते, पटतातही. पण अक्षता पडल्या, मांडव उतरला की पत्रं थांबतात. नवं जोडपं पहिल्यांदा घराबाहेर पडतं त्या चार-आठ दिवसांवर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून मीच लिहायला बसले. आमच्याकडं हनिमून हा शब्द अजून वडीलधाऱ्यांसमोर कुणी काढत नाही. ‘पोरं फिरायला गेल्यात’ असं म्हणायचं. मीही तसंच म्हणते.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची. ब्लाउज शिवते, त्याला आता ३१ वर्षं झाली. बस्ता झाला की आठ-पंधरा दिवसांत नवरी मापाला येते. नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाजूंच्या शिवणीत बोटभर कापड जास्त दाबून ठेवते. लग्नानंतर पोरीचं अंग भरतं, तेव्हा ते सोडता येतं. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. बहुतेक पोरी सहा महिन्यांनी ते सोडून घ्यायला येतातही. पण काही जणी दुसऱ्याच महिन्यात येतात आणि ब्लाउज आत घ्यायला सांगतात. टेप पाठीवरून फिरवताना मी त्यांच्या मागं उभी असते, त्यांना माझं तोंड दिसत नाही. पोरी तेव्हा बोलतात. समोर बसवून विचारलं तर एक शब्द सांगणार नाहीत.

‘कुठं गेला होता फिरायला?’ असं मी सहज विचारते. उत्तर ठरलेलं असतं. जोतिबा, अंबाबाई, नरसोबाची वाडी, नाहीतर सौंदत्तीची यल्लम्मा. कोण कोण गेला होता? ‘सगळीच होतो की वो काकू.’ सासू-सासरे, दोन नणंदा, त्यांची पोरं, पाठराखीण म्हणून आलेली मावशी, चुलत दीर. एक क्रुझर भरून माणसं. पुढं मी विचारत नाही. विचारावंही लागत नाही.

मला देवदेव नको आहे असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. हळद उतरली, सत्यनारायण झाला, गोंधळ घातला, की जोडप्यानं कुलदैवताच्या पायावर डोकं ठेवायचंच. ते मी केलं, माझ्या सुनांनी केलं, नातवांच्या बायकाही करतील. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या गाडीत १४ माणसं कशाला. जोतिबाच्या डोंगरावर दोघंच गेली, तर काय जोतिबा दर्शन देणार नाही?

हे मी आज लिहिते आहे. पण माझं लग्न झालं तेव्हा माझ्या सासूबाईंना हे सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

आमचं लग्न १९८९ च्या जेष्ठातलं. मालक कौलांच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना आठ दिवसांची रजा मिळाली, त्यातले पाच दिवस लग्नातच गेले. गोव्यात कवळ्याच्या शांतादुर्गेला आमच्या घरचा एक नवस होता, तो फेडायचा होता. लोंढ्याहून रेल्वेनं जायचं ठरलं. तेव्हा ती लाईन मीटरगेज होती, आम्ही ‘लहान गाडी’ म्हणायचो. मी तोवर रेल्वेत एकदाही बसले नव्हते. मालकांना लग्नाआधी मी दोनदा पाहिलं होतं, एकदा बघायला आले तेव्हा आणि एकदा साखरपुड्याला. दोन्ही वेळा मान वर केली नव्हती. त्यामुळं पाहिलं होतं असं तरी कसं म्हणायचं.

सासूबाई आणि दोन नणंदा बरोबर होत्या. सासूबाईंनी आम्हा बायकांना बायकांच्या डब्यात बसवलं आणि मालक पुरुषांच्या गर्दीत दुसऱ्या डब्यात चढले. त्या गाडीला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची सोय नव्हती. म्हणजे लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर केलेला माझा पहिला प्रवास नवरा दिसत नसलेल्या डब्यातून झाला. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्या तिशीच्या आत विधवा झाल्या होत्या, समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, नवी सून एकटी पाठवायची नसते एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझी ओटी भरलेली खणाची पिशवी सबंध रस्ताभर स्वतःच्या मांडीवर सांभाळली.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबते. पुढं घाट आहे, तिथं जादा इंजिनं लावतात. पाऊस लागला होता. फलाटावरनं कुणीतरी भिजत आमच्या खिडकीकडं येताना दिसलं आणि मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मालक होते. त्यांनी खिडकीच्या गजातून कागदाची पुडी आत दिली. भाजलेले शेंगदाणे होते, पुडी खालून गरम होती, वरून ओली झाली होती. आईला नमस्कार केल्यासारखं करून ते मला म्हणाले, ‘घाटात खिडकी सोडू नको, दूधसागर येतोय.’ तेवढंच. शिट्टी झाली आणि ते पळत आपल्या डब्याकडं गेले.

दूधसागर आला तेव्हा नणंदा ओरडायला लागल्या. रुळाच्या अगदी जवळ पांढरं पाणी कोसळत होतं, डब्यात तुषार येत होते. ३१० मीटर उंचीचा धबधबा आहे तो, हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी मला एकच वाटत होतं, की पुढच्या डब्यात तेही आता हेच बघत असतील.

पुढं मालकांबरोबर ३० वर्षं संसार झाला. चांगला झाला. २०१९ साली ते गेले. शेंगदाण्याच्या त्या पुडीवर आम्ही कितीदा तरी बोललो. पण माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास मला अजून अर्धाच वाटतो, आणि हे त्यांना मी कधी बोलून दाखवलं नाही.

एवढं सगळं सोसलेल्या बाईनं आपल्या सुनेच्या वेळी शहाणपणानं वागायला हवं होतं. मी वागले नाही.

थोरल्याचं लग्न २०१६ च्या मेमध्ये झालं. तो पुण्याकडं चाकणला कारखान्यात आहे, त्याला १० दिवसांची रजा होती. हळद उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही निघालो. गाडी एक, माणसं १४. थोरला पुढं ड्रायव्हरशेजारी, कारण वाट त्याला ठाऊक. सून सगळ्यात मागं आडव्या सीटवर, मांडीवर माझ्या नणंदेचा नातू. आधी कोल्हापूरची अंबाबाई, मग जोतिबा, संध्याकाळी वाडी. मे महिन्याचं ऊन. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना मला दिसलं की सून पाऊल आडवं टाकतेय. घरी आल्यावर मी तिचा पाय मांडीवर घेतला तर जोडवी बोटात रुतली होती. नवी जोडवी, वर दिवसभराचं चालणं. बोट सुजून जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं, कातडी निघाली होती. मी साबण लावून, दोरा गुंडाळून अर्ध्या तासानं ते काढलं. तिनं ‘आई गं’ सुद्धा म्हटलं नाही. बारा तासांत एकदाही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कुणाला? नवरा पुढच्या सीटवर होता आणि आम्ही सगळी तिला परकी होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सौंदत्तीला घेऊन गेलो. होय, त्या पायानं. गाडी दोन दिवसांची ठरवली होती म्हणून. आधी जोगुळभावीला पाय धुतले, मग डोंगर. रात्री मुक्कामाला एका खोलीत बायका, एका खोलीत पुरुष. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, चौथ्या दिवशी मांडवपरतणीला तिच्या माहेरी, आणि मग थोरल्याची रजा संपली. तो चाकणला गेला. पुण्यात खोली मिळेपर्यंत सून आमच्याजवळ राहिली आणि आखाड लागल्यावर रिवाजाप्रमाणं माहेरी गेली. आमच्या भागात पहिल्या आखाडात नव्या नवरीला सासरी ठेवत नाहीत. जेष्ठाच्या तोंडाशी ज्यांची लग्नं होतात त्यांच्या हातात किती दिवस उरतात, हे कॅलेंडर बघून कुणीही मोजावं.

माहेराहून ती परत आली तेव्हा मी तिचे ब्लाउज मापाला घेतले. प्रत्येक बाजूला दोन बोटं आत घ्यावे लागले. माझ्याच हातानं घेतलेलं माप, माझ्याच हातानं कमी केलं. त्या दिवशी ती मला काहीच बोलली नाही. सहा वर्षांनी बोलली. दिवाळीला आली होती, माझ्याजवळ हुक लावायला बसली होती. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, ‘आत्ती, माझं आणि ह्यांचं पहिलं नीट बोलणं फोनवर झालं. ते चाकणला आणि मी इथं कपाटाच्या मागं उभं राहून.’ तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं फक्त झालेलं सांगितलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. क्रुझरमधली ती मागची सीट माझ्या डोळ्यांपुढनं हलेना. १९८९ साली मला दुसऱ्या डब्यात बसवलं गेलं होतं, आणि मी माझ्या सुनेला मागच्या सीटवर बसवलं.

धाकट्याचं लग्न गेल्या जेष्ठात झालं. सून कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातली. आमच्यात आणि त्यांच्यात राज्याची हद्द आहे, पण सोयरिकीला हद्द नसते. आमच्या आळीतल्या निम्म्या बायका तिकडल्या, आणि आमच्या निम्म्या पोरी तिकडं. लग्न ठरल्या दिवशीच मी घरात सगळ्यांना सांगितलं, की देवदेव आखाडाच्या आधी होईल, पण पहिले चार दिवस पोरं दोघंच जातील. नणंदबाई रुसल्या. जाऊबाई म्हणाल्या, ‘देवाच्या आधी डोंगर बघायचे काय?’ मी म्हटलं, डोंगरातही देव आहे. कारण पोरांनी आंबोली ठरवली होती, आणि तिथं हिरण्यकेशीचं देऊळ आहे. गुहेतनं पाणी येतं, तिथंच नदीचा उगम. तीच नदी आजरा, गडहिंग्लजवरनं खाली उतरते, आपल्या संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. गोकाकचा धबधबा बघायला आपण जातो त्यातही तिचं पाणी असतं. जाऊबाईंचं समाधान झालं नाही, पण त्या गप्प बसल्या.

बेळगाव ते आंबोली एसटीनं, शिनोळी, पाटणे फाट्यावरनं. हद्द ओलांडली की पुढं सुनेला अर्धं तिकीट. महाराष्ट्रानं २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं भाडं केलंय. पोरांचा एकूण खर्च मला ठाऊक आहे, कारण थोडे पैसे मी दिले होते. मनालीच्या पॅकेजमध्ये त्यांचं फक्त विमानतळापर्यंत जाणं झालं असतं. कर्ज काढून लांब जाणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, ज्याची त्याची हौस. पण आपल्या चार तासांच्या आत आंबोली आहे, गोवा आहे, दांडेली आहे. दोन दिवसांत शेजारणीला फोटो दाखवायचे नसतील तर तेवढं पुरतं.

त्यांनी निघताना मी धाकट्याला एकच गोष्ट सांगितली. मला फोन करायचा नाही, मीही करणार नाही. हल्ली काय होतं ते मी ऐकते. सासू सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा व्हिडिओ कॉल लावते. काय जेवलात, कुठं बसलात, ड्रेस कुठला घातलाय, मागं कोण दिसतंय. गाडीत माणसं नसली तरी मग गाडी भरलेलीच असते.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता धाकट्याचा फोन आला. माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, ‘आई, जरा ह्यांच्याशी बोल.’ आणि फोन दुसऱ्याकडं दिला. लॉजवरचा माणूस होता. त्याचं म्हणणं असं: आधारकार्डावर बाईचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, राज्यसुद्धा वेगळं, आम्ही नवरा-बायको कसं धरायचं? लग्नाचा दाखला दाखवा. मी म्हटलं, ‘अहो, सहा दिवस झाले लग्नाला. दाखला कुठनं येणार इतक्यात? पोरीच्या हातातला चुडा बघा की.’ तो म्हणाला, ‘चुडे बाजारात मिळतात, बाई.’

संपादक महोदय, हे वाक्य माझी सून शेजारी उभी राहून ऐकत होती. बाहेर पाऊस कोसळत होता, धुक्यात समोरचं दिसत नव्हतं. तिच्या हाताची मेंदी अजून उतरली नव्हती. धाकट्यानं मोबाईलवर लग्नपत्रिका दाखवली, मांडवातले फोटो दाखवले. त्या माणसानं मान हलवली. शेवटी पोरं सामान उचलून भिजत दुसरीकडं गेली. तिथं दोघांची कार्डं मागितली, झेरॉक्स काढली, रजिस्टरमध्ये दोघांची नावं लिहून घेतली आणि किल्ली दिली. पाच मिनिटांचं काम होतं ते. पोलिसांना नोंद लागते, कोण उतरलंय हे कळायला हवं, त्याला माझी ना नाही. पण ओळख मागणं वेगळं आणि लग्नाचा पुरावा मागणं वेगळं.

परत आल्यावर मी एका गिऱ्हाईक बाईंना विचारलं, त्या वकील आहेत. त्यांनी सांगितलं की सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलची खोली घ्यायला लग्नाचा दाखला हवा, असा कुठला कायदाच नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ साली तर लग्न न झालेल्या जोडप्याबाबतही हेच म्हटलंय, की त्यांनी खोली घेऊ नये असा कायदा अस्तित्वात नाही. मग सहा दिवसांपूर्वी चारशे माणसांसमोर अक्षता पडलेल्या पोरीनं कशाला मान खाली घालायची? लग्नाची नोंदणी जरूर करावी. सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच ती सक्तीची करायला सांगितलंय, आणि बाईला पुढं वारसाला, पासपोर्टला, दवाखान्यात ती उपयोगी पडते. आम्हीही नंतर उपनिबंधक कचेरीत जाऊन केली. पण पहिल्या आठवड्यात तो कागद कुणाच्याच हातात नसतो. आणि नवऱ्याचं आडनाव लावायचं की नाही, कधी लावायचं, हेही त्या पोरीनं सावकाश ठरवायचं असतं, लॉजच्या काउंटरवर नव्हे.

आमच्या सीमाभागातल्या पोरींना तर हे दुप्पट सोसावं लागतं, म्हणून मी हे वेगळं लिहिते. परतीच्या वाटेवर बेळगावहून खानापूरला येताना दोघं कर्नाटकच्या बसमध्ये बसली. आपल्याकडं ११ जून २०२३ पासून बायकांना शक्ती योजनेत तिकिटाचे पैसे पडत नाहीत. कंडक्टरनं सुनेकडं ओळखपत्र मागितलं, तिनं आधार दाखवलं, पत्ता चंदगड तालुक्याचा. त्यानं पैशाचं तिकीट फाडलं. त्याचं चुकलं नाही, योजना कर्नाटकच्या रहिवासी बायकांसाठीच आहे. पण सासरी येणाऱ्या पहिल्या बसमध्ये सगळ्या बायकांत पैसे देऊन तिकीट काढणारी ती एकटी होती. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, ‘पाव्हणी काय?’ घरी आल्यावर तिनं ते तिकीट मला दाखवलं. हसत दाखवलं, पण ते तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. पत्ता बदलून घ्यायला पुढं कागद जमवावे लागले, ते आता झालंय.

आंबोलीत काय झालं, दोघं काय बोलली, हे मी विचारलं नाही. विचारायचंही नसतं. हिरण्यकेशीचं पाणी बर्फासारखं होतं आणि कावळेसादच्या कड्यावरनं धुक्यामुळं काहीच दिसलं नाही, एवढं तिनं आपणहून सांगितलं. मला जे कळलं ते दुसरीकडनं कळलं.

धाकट्याचा डावा कान लहानपणी फुटला होता. त्या कानानं त्याला कमी ऐकू येतं. सोयरिकीच्या वेळी आम्ही ते लपवलं नाही, सांगितलं होतं. पण तो चारचौघांत कळू देत नाही. ऐकू आलं नाही की नुसतं हसून मान हलवतो. माझ्या घरात त्याची चुलती, मामी, इतक्या वर्षांच्या ओळखीची माणसं अजून त्याच्या डाव्या बाजूला बसून बोलतात आणि वर म्हणतात, पोरगा घुम्या आहे. आंबोलीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी जेवायला बसली होती. सून भाकरी वाढत वाढत आली, त्याच्या डाव्या हाताला जागा रिकामी होती. ती तिथं वाकली नाही. ताटाला वळसा घालून पलीकडं गेली, उजव्या बाजूनं वाकली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. त्यानं तिच्याकडं न बघताच उत्तर दिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझा घास हातात राहिला. लग्नाला ११ दिवस झाले होते.

थोरल्याला आंबट दही चालत नाही, त्यानं त्याचं डोकं चढतं, हे थोरलीला दुसऱ्या वर्षी समजलं होतं. आणि तेही मी सांगितल्यावर.

म्हणून माझी आपल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. विशेषतः माझ्या वयाच्या बायकांना, कारण आमच्या घरात याबाबत शब्द आमचाच चालतो. या वर्षी ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी पोराची रजा लग्नाच्या आधी खर्चू नये, पाठीमागं शिल्लक ठेवावी. देवदर्शनाला दोघांना पाठवावं. आपल्याला जायचं असेल तर आपण वेगळं जावं, देव काही कुठं जात नाही. पोरगी पहिल्यांदा चालणार असेल तर जोडवी सैल आहेत का ते आदल्या दिवशी बघावं, बोट आणि जोडवं यांच्यात काडी फिरली पाहिजे. आणि फोन करू नये. काळजी वाटते, मलाही वाटत होती, चार रात्री मी मशीनवर बसून काढल्या. आंबोली, गोवा, दांडेलीकडं लॉज चालवणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. तुमच्या दारात हिरवा चुडा भरलेली पोरगी उभी असेल तर तिचं कार्ड बघा, नोंद करा आणि तिला किल्ली द्या. तिच्या नवऱ्याचं आडनाव तिच्या कार्डावर कधी येईल ते तिचं तिला ठरवू दे.

येत्या सोमवारी थोरला आणि थोरली लोंढ्याहून गोव्याच्या गाडीनं जाणार आहेत. मीच सुचवलं. इतक्या वर्षांत दोघंच अशी ती कुठं गेली नाहीत. नातवाला मी सांभाळणार आहे, त्याची शाळा बुडणार नाही. आता डब्याडब्यांतनं जाता येतं, बायकांचा वेगळा डबा घ्यायची गरज नाही. मी तिला एवढंच सांगितलंय, की कॅसलरॉकनंतर खिडकी सोडू नको.

काल रात्री तिनं लग्नातला ब्लाउज काढून माझ्या मशीनवर ठेवला, म्हणाली, ‘आत्ती, होईल का हो हा?’ मी उलटा करून बघितला. २०१६ साली मी आत घेतलेली टीप तशीच आहे आणि त्याच्या आत पहिलं दाबलेलं कापडही तसंच आहे. आज दुपारी दोन्ही टिपा उसवून सोडायला बसणार आहे.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, खानापूर

(कृपया नाव छापू नये. सुनांना विचारूनच लिहिलं आहे, पण त्यांच्या माहेरी अवघडल्यासारखं व्हायला नको.)